कप्तानचा पट्टा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि ज्या दोन माणसांपाशी बोलायला पाहिजे होतं त्यांच्यापाशी तर नाहीच. आज तुमच्यापुढं बसले आहे, पण बसवत नाही बघा — मघापासून उठून उठून गॅस बंद केलाय का ते बघून येते. बंदच असतो.

सांगते. पण मला माझ्या पद्धतीनं सांगू द्या. मधे विचारू नका, नाहीतर मी उठून कामाला लागेन आणि परत कधी बोलणार नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे.

आमच्याकडं एक कुत्रा होता. कप्तान. गावठी, तांबूस रंगाचा, पुढचा एक पाय पांढरा. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचे, एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाले त्या वर्षी गंगापूरहून शेतावरच्या कुत्रीचं पिल्लू त्यांनी वायरच्या पिशवीत घालून एसटीनंच आणलं. कंडक्टर पोरगं नवीन होतं, त्यानं विचारलं, "बाबा, पिशवीत काय हाय?" तर मामा म्हणाले, "कप्तान हाय. त्याला पास लागत नाय." तेव्हापासून तेच नाव.

समोरच्या घरात रशीदचाचा. तेही एसटीतलेच, मामांच्या गाडीवरचे कंडक्टर. मामांचं स्टेअरिंग आणि चाचांची घंटी, अशी दोघांची सगळी नोकरी एका गाडीत गेली म्हणा ना. प्लॉटसुद्धा दोघांनी समोरासमोर घेतले. रोज सकाळी चाचा आमच्या गेटवर बोटातली अंगठी वाजवायचे — टण टण. डबल बेल. एसटीत डबल बेल म्हणजे गाडी सोडा. मामा चहाचा कप तसाच खाली ठेवायचे, चपला सरकवायचे आणि निघायचे. दोघं म्हातारे आणि पुढं कप्तान.

कप्तानच्या गळ्यात जो पट्टा होता ना, तो चाचांच्या जुन्या तिकिटाच्या बॅगेचा. चामडी, काळा पडलेला. चाचांनी स्वतः कापून दिला आणि मामांनी चपलावाल्याकडून त्याला बक्कल लावून घेतलं. "मेरी बेल्ट है, संभालके," असं चाचा कप्तानला म्हणायचे. लांबूनच म्हणायचे. कुत्र्याचं तोंड कपड्याला लागलं की नमाजाआधी कपडे बदलावे लागतात, म्हणून ते थोडं अंतर ठेवून असत. कप्तानलाही ते कळायचं बहुतेक. तो त्यांच्या अंगावर कधी गेला नाही.

चाचा नियमाचे फार. तिकीट नसेल तर सख्ख्या भावाला खाली उतरवणारा माणूस. कप्तान मोठा झाला तसे ते मामांच्या मागं लागले. "वामनराव, कुत्ता पाला है तो महापालिकेसे लायसन निकालो. हर साल सुई टुचवाओ. गल्ली में खुला नक्को छोडो, बच्चे खेलते यहाँ." मामा हसायचे. "गावठी कुत्र्याला लायसन? उद्या चिमणीचं बी काढायला लावशील." पण एक दिवस ऐकलं त्यांनी. मला म्हणाले, "सूनबाई, बाकीचं मागून बघू, कप्तानला तेवढी रेबीजची लस टोचून आण."

मी म्हटलं, हो.

आता इथं थांबते जरा. कारण सुरुवात इथं झाली, आणि किती फालतू गोष्टीनं झाली ते मला अजून पटत नाही. माझं गुलमंडीत मॅचिंगचं दुकान आहे — अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. लग्नसराईचे दिवस. बाया साडीचा पदर घेऊन दारात उभ्या. त्यात कुत्र्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात कोण जाणार? रिक्षावाले नाही म्हणतात, तिथं रांग असते, कप्तान दुसरं कुत्रं दिसलं की ओढतो. मी गेले नाही. संध्याकाळी मामांनी विचारलं, "झालं का गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झालं."

एवढंच. एक शब्द. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात, मग वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी परत विचारलं तेव्हा परत "झालं". दुसऱ्या वेळेला तर सोपंच गेलं.

मामांचा माझ्यावर विश्वास. पण चाचा म्हणजे तिकीट तपासणारे ना! "बेटी, उसका कार्ड रहता. दिखा तो." मी म्हणायचे, दुकानात राहिलं. महिन्याभरानं परत विचारायचे. इतका राग यायचा मला त्यांचा! तुम्हाला आलाय का कधी असा राग? माणूस चूक आहे म्हणून नाही, बरोबर आहे म्हणून? मी घरात येऊन भांडी आपटायचे. लेकीला म्हणायचे, चाचांना काही कामधंदा नाही.

आणि लेक माझी त्या कुत्र्याच्या पोटावर डोकं ठेवून अभ्यास करायची. तो तिचं तोंड चाटायचा. गल्लीतली पोरं त्याची शेपूट ओढायची. मला ठाऊक होतं त्याला लस नाही. फक्त मला एकटीला ठाऊक होतं. झोप लागायची मला तरी. लागायची, खोटं कशाला बोलू.

तर त्या उन्हाळ्यात मामा भाचीच्या लग्नाला गंगापूरला गेले. चार-पाच दिवसांनी येतो म्हणाले. नवरा शेंद्र्याला कंपनीत, पहिली पाळी. लेक आजोबांबरोबर लग्नाला. घरात मी आणि कप्तान. सकाळी गल्लीत महापालिकेची कुत्र्यांची गाडी आली. भटकी कुत्री वाढली होती, कुणीतरी तक्रार केली असेल. चाचा बाहेर उभे राहून त्या लोकांशी बोलत होते. कोपऱ्यावरच्या काळ्या कुत्रीला पिल्लं आहेत, तिला आत्ता नेऊ नका, असं सांगत होते. त्यांना पाणी दिलं, आणि मग चाचा बरणी घेऊन दूध आणायला गेले.

मी गेटात उभी. जाळी घेतलेल्या माणसाला सहज विचारलं, मारता का हो यांना? तो म्हणाला, "नाय ताई. ऑपरेशन करतो, रेबीजची लस टोचतो, आन बरं झालं की जिथून नेलं तिथंच आणून सोडतो. तसा नियमच हाय."

लस टोचतो. जिथून नेलं तिथंच आणून सोडतो.

तुम्हाला सांगते, मला तेव्हा भीती नाही वाटली की लाज नाही वाटली. मला आनंद झाला! म्हटलं, अगं बाई, हे तर घरबसल्या काम झालं. ना रिक्षा, ना रांग. मामा यायच्या आत कप्तान दारात हजर, लस टोचलेला. मग माझं "झालं" खरंच झालेलं. चाचांना कार्ड नाही दाखवता आलं तरी मनातून तरी मोकळी होईन. किती हुशार समजले मी स्वतःला! ऑपरेशनचं काय, तेही बरंच, असं म्हणून टाकलं. फक्त एक अडचण. पाळलेला कुत्रा ते नेत नाहीत.

मी आत गेले. कप्तान जिन्याखाली पडला होता. मी वाकले तर त्यानं मान पुढं केली. आंघोळीच्या वेळी आम्ही पट्टा काढायचो ना, त्याला आवडायचं ते, गळा खाजवून घ्यायला मिळायचा. त्यानं मान लांब करून डोळे मिटले. बक्कल घट्ट होतं, मला नखं लावून काढावं लागलं. पट्टा पर्समध्ये टाकला, गाडीवाले कोपऱ्याकडं सरकले तसं गेट उघडलं आणि कप्तानच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेले.

त्या माणसानं जाळी टाकायच्या आधी विचारलं. हे मी सांगितलंच पाहिजे, कारण त्यांची काही चूक नव्हती. त्यानं विचारलं, "ताई, गळ्याचे केस झिजलेत. पट्ट्याची खूण दिसतीय. पाळीव हाय का? कुणाचं हाय हे?"

मी म्हटलं, "कुणाचंच नाही. कुणीतरी सोडून दिलेलं दिसतंय."

कप्तान माझ्याकडं बघून शेपूट हलवत होता. त्याला उचललं तरी माझ्याकडंच बघत होता. गाडी गेली. मी खरकटी भांडी घासली, दुकान उघडायला गेले, आणि दिवसभर बायांना रंग जुळवून दिले. पट्टा गल्ल्याखालच्या खणात टाकला, फॉलच्या बंडलांमागं.

तुम्ही म्हणाल, हे होय? यासाठी इतकी अस्वस्थ? नाही हो. एवढंच असतं तर मी केव्हाच हसत हसत सांगून टाकलं असतं. अजून आलेच नाही मी तिथं. उठू का पाणी प्यायला? नको. बसते.

मामा दुसऱ्याच दिवशी परत आले. लग्नात मांडवात ऊन लागलं, जीव रमेना. दारातून हाक मारली, "कप्तान!" आणि मी म्हटलं, गेट उघडं राहिलं वाटतं, कालपासून दिसत नाही. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, तेवढं निभेल, अशी माझी हिशेबाची बुद्धी.

ते म्हातारं माणूस त्या उन्हात किती फिरलं! आणि एकटं नाही. चाचा बरोबर. डोक्याला रुमाल बांधून, हातात बिस्किटाचा पुडा घेऊन चाचा गल्लीगल्लीत "कप्तान, अरे कप्तान" ओरडत होते. नाल्याच्या कडेनं जाऊन आले. पट्टा असलेलं कुत्रं गाडीवाले नेत नाहीत, म्हणून त्या गाडीचा विचारही कुणाच्या डोक्यात आला नाही. संध्याकाळी दोघं आमच्या पायरीवर बसले, मामांच्या डोळ्यांत पाणी, आणि चाचा म्हणत होते, "मिल जाता जी. गावठी है, रस्ता नई भूलता." मी दोघांना सरबत दिलं.

मग तो आला. गाडीनं त्याला कोपऱ्यावर सोडला, अगदी नियमाप्रमाणं, जिथून नेला तिथंच. हळूहळू चालत आला. पोटावरचे केस काढलेले, टाके. आणि डाव्या कानाचं टोक कापलेलं.

कानाचं मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. ज्या भटक्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं त्याच्या कानाला अशी खूण करतात, म्हणजे परत धरायला नको. आमच्या गल्लीतल्या कितीतरी कुत्र्यांना ती होती. मी कधी बघितलंच नव्हतं. मामांनी मात्र बघितलं होतं. ते पायरीवर बसले, तो कान हातात घेतला, आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "ही तर बेवारस कुत्र्याची खूण. माझ्या दारातल्या जिवाला बेवारस कुणी ठरवलं? पट्टा कुणी काढला ह्याचा?"

सगळे गोळा झाले. बक्कल आपोआप निघणारं नव्हतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत. पट्टा कुणीतरी काढला होता. नवरा म्हणाला, मी तर कामावर होतो. मग मामांनी माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही हो! मी घरात होते, मला काही दिसलं असेल, एवढ्याच आशेनं.

आणि मी म्हटलं, "गाडी आली तेव्हा चाचा तिथंच उभे होते. त्यांच्याशी बोलत होते."

हे. हे सांगायला बसले होते मी.

खोटं होतं का ते? सांगा ना, एक तरी शब्द खोटा होता का? उभे होते. बोलत होते. मी स्वतःला किती वर्षं हेच ऐकवलं — मी काही खोटं बोलले नाही. पण मला माहीत होतं त्या वाक्याचं काय होणार. तोंडातून बाहेर पडायच्या आधी माहीत होतं. लायसनची, लशीची, मोकळं सोडू नका याची इतकी वर्षं कटकट कुणी केली? चाचांनी. पट्टा कुणाच्या बॅगेचा? चाचांच्या. मला काहीच जोडावं लागलं नाही. गर्दीतली एक बाई म्हणाली, "त्यांच्यात तर कुत्रं चालतच नाही." त्या क्षणी मी म्हणायला पाहिजे होतं की अगं, कालपर्यंत उन्हात बिस्किटं घेऊन कोण फिरत होतं? मी आत जाऊन चहा टाकला.

ट्रे घेऊन बाहेर आले तर मामा रस्ता ओलांडून चाचांच्या दारात. उभ्या आयुष्यात त्यांनी चाचांवर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. "पट्टा तूच दिला आन तूच काढला! मला सांगायचं व्हतं, मी बांधून ठिवला असता. पाठीमागून असं?" चाचा म्हणाले, "क्या बोल रहे वामनराव तुम? मैं दूध लाने गया था." आणि मग मामा म्हणाले, "तुम्हा लोकांचं —" आणि थांबले.

पुढचं बोलले नाहीत. पण आपल्या या शहरात त्या वाक्याचं पुढचं सांगावं लागत नाही. चाचांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी मामांकडं बघितलं, मग मामांच्या खांद्यावरून माझ्याकडं. मी ट्रे घेऊन उभी. मग चाचा आत गेले आणि दार लोटून घेतलं, आवाजसुद्धा नाही केला.

दुसऱ्या दिवसापासून गेट वाजलं नाही. मामा त्या वेळेला कप हातात घेऊन बसायचे, थोडा चहा ठेवायचे, आणि मग तो गार झालेला पिऊन टाकायचे. फिरणं बंद झालं. मागून साखर निघाली, गुडघे गेले. ईदचा शीरखुर्मा यायचा बंद झाला, दिवाळीचं ताट जायचं बंद झालं. मी त्यांना कधीकधी खिडकीत बघायचे. चाचा समोर झाडांना पाणी घालत असायचे आणि मामा खिडकीच्या गजाला धरून उभे असायचे. एकदा म्हणाले, "रशीदनं असं करायला नको व्हतं." मी म्हटलं, "पडा आता, औषध घ्या."

आणि गंमत बघा, मी सुधारले! दर वर्षी कप्तानला लस. रिक्षावाल्याला जास्तीचे पैसे देऊन. महापालिकेचं लायसन काढलं, नायलॉनचा लाल पट्टा आणला, साखळीशिवाय गेटाबाहेर नाही, त्यानं घाण केली तर पिशवी घेऊन मागं मी. लोक म्हणायचे, कुत्रा पाळावा तर यांच्यासारखा. मी नवा पट्टा घेऊन वाकले की कप्तान मान पुढं करायचा. डोळे मिटायचा. तो भुंकला असता, चावला असता, पळाला असता तर मला बरं वाटलं असतं हो! नाही. म्हातारा होऊन मेला तोवर माझ्यापुढं मान करत राहिला.

सांगायला वेळ मिळाला नाही का? भरपूर मिळाला. प्रत्येक दिवाळीला वाटायचं, आज सांगू, ताट घेऊन समोर जाऊ. मग वाटायचं, आता मामांची तब्येत नाजूक आहे. मग वाटायचं, आता इतक्या वर्षांनी कशाला. तोंड उघडायला मी कधी घाबरणारी बाई नाही, गुलमंडीत विचारा कुणालाही. गिऱ्हाइकाशी, नवऱ्याशी, नळावर, सगळीकडं माझाच आवाज. इथंच काय झालं होतं?

मागच्या वर्षी मामा गेले. दारात शववाहिनी आली. चाचा समोर आपल्या गेटात उभे होते, पांढरे कपडे घालून. त्यांना कुणी या म्हणालं नाही आणि ते आपणहून आले नाहीत. मामांना आत ठेवलं, मागचं दार लागलं, तेव्हा मात्र ते रस्ता ओलांडून आले. गर्दीनं वाट दिली. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर अंगठी वाजवली.

टण टण.

शववाहिनीच्या ड्रायव्हरला काही कळलं नाही, त्यानं आरशात बघितलं. मग गाडी निघाली. माझा नवरा तोवर रडला नव्हता, तो तिथं रडला. मी पदर तोंडाला लावून उभी होते. आत्ता सांग, आत्ता सांग, असं आतून कुणी ढकलत होतं, आणि मी म्हणत होते, आत्ता कुठं, इतकी माणसं आहेत.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी दुकानाला निघाले होते. चाचांनी गेटातून हाक मारली. जवळ गेले. किती म्हातारे झाले होते, मी इतक्या जवळून बघितलंच नव्हतं. गेटाच्या गजावर हात. म्हणाले, "बेटी, वो तो चले गए. उनकू समझा नई सका मैं. तू तो सुन ले. कसम से बोलता, मैं नई खोला था पट्टा."

माणसं नव्हती. गल्लीत कुणी नव्हतं. तो पट्टा माझ्या दुकानाच्या खणात होता, अजून आहे. मला फक्त तोंड उघडायचं होतं, आणि मी उघडलंही. ऐका मी काय म्हटलं.

मी म्हटलं, "जाऊ द्या चाचा. आमच्या मनात काही नाही आता. मामांनी तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं."

मामा असं कधी म्हणाले नव्हते. मी माफ केलं. मी, त्यांना.

चाचांच्या डोळ्यांतून पाणी आलं. किती हलकं वाटलं असेल त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी गेटावरून हात पुढं केला, माझ्या डोक्यावर ठेवायला. "जीती रह," म्हणाले. गेट उंच होतं, हात नीट पोचत नव्हता.

मी मान पुढं केली.